जत्रेची गर्दी आणि बाजाराची गर्दी

प्रश्न असा आला आहे: "मुलाला घेऊन यॉर्कशरमध्ये रग्बी लीगचा सामना बघायला गेलो होतो. खेळ जबरदस्त, पण निम्म्या खुर्च्या रिकाम्या. व्यावसायिक रग्बी लीगचे प्रेक्षक का घटताहेत? आणि तुमच्या हातात एखादा क्लब दिला, तर तुम्ही नेमकं काय कराल?"

मी बावीस वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये मैदानावर प्रेक्षक आणण्याचंच काम करते आहे. सुरुवात तिकीट खिडकीवर झाली आणि पुढे तीन वेगवेगळ्या क्लबांत प्रेक्षक विभाग सांभाळला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी प्रश्नातली एक गोष्ट दुरुस्त करते. प्रेक्षक सगळीकडे घटत नाहीत. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून एकूण प्रेक्षकसंख्येचे जुने विक्रम मोडले गेले. इंग्लंडच्या सुपर लीगमध्येही, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या विभागात, विगन, लीड्स, हल केआर यांची मैदानं चांगली भरतात. घट दिसते ती सुपर लीगच्या काही क्लबांत, खालच्या विभागात, आणि सगळ्यात ठळकपणे चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत. एकाच देशात, एकाच खेळात, पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरावर एक मैदान भरतं आणि दुसरं ओस पडतं. म्हणजे "लोकांना आता खेळच नको झालाय" हे कारण टिकत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८९५ च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि रग्बीच्या मूळ संघटनेतून बाहेर पडले. वाद मजुरीचा होता. शनिवारी गिरणी किंवा खाण सोडून खेळायला येणाऱ्या कामगाराचा रोज बुडायचा. तो भरून द्यावा असं या क्लबांचं म्हणणं होतं, आणि दक्षिणेतल्या सुखवस्तू मंडळींना ते मान्य नव्हतं. पुढे १९०६ मध्ये संघ पंधराचा तेरा खेळाडूंचा झाला. सहा वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्या संघाकडे जातो, त्यामुळे खेळ अखंड पळता राहतो. मी सांगली जिल्ह्यात कबड्डी बघत वाढले. पकड म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

हा खेळ गिरणीच्या भोंग्यावर वाढला हे लक्षात ठेवा, कारण माझं सगळं उत्तर त्यावर उभं आहे.

माझ्या आजोळी मंगळवारी बाजार भरायचा. आजी कधी कुणाला "उद्या बाजार आहे का हो?" असं विचारताना मी ऐकली नाही. मंगळवार म्हणजे बाजार. पाऊस असो, पैसे असोत नसोत, ती पिशवी घेऊन निघायची. निम्मं काम खरेदीचं आणि निम्मं माणसं भेटण्याचं. तोच बाजार एका आठवड्यात गुरुवारी, पुढच्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी, मग पंधरा दिवस नाहीच, असा भरला असता तर? भाजी तितकीच ताजी असती, पण आजी घरी बसली असती. वर्षातून एकदा येणाऱ्या जत्रेला मात्र ती गेलीच असती, कारण जत्रेची तयारी महिनाभर आधी सुरू होते.

क्लबचे घरच्या मैदानावरचे सामने म्हणजे बाजार. अंतिम सामने आणि मोठे सोहळे म्हणजे जत्रा. आमच्या खेळाने गेल्या तीस वर्षांत जत्रा सजवण्यात फार बुद्धी आणि पैसा घातला, आणि बाजाराचा वार मोडला. प्रेक्षक घटण्याचं मला दिसणारं मुख्य कारण हेच आहे.

१९६७ च्या डिसेंबरपासून रविवारी सामने सुरू झाले आणि हळूहळू रविवारी दुपारी तीनची वेळ उत्तरेत रुजली. जेवण, मैदान, मग पब किंवा आजी-आजोबांचं घर, असा त्या दिवसाचा ठरलेला क्रम होता. १९९६ मध्ये सुपर लीग आली. रूपर्ट मर्डोक यांच्या कंपनीने पाच वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख पौंड दिले आणि खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात आला. चिखल गेला, चाली वेगवान झाल्या, मुलांना घेऊन येणं सोपं झालं. हा बदल मला आजही योग्य वाटतो. पण टीव्हीच्या सोयीने सामने आधी शुक्रवारी, मग गुरुवारी, मग शनिवारीही जाऊ लागले. गुरुवारी रात्री आठला सामना सुरू झाला तर दहा वर्षांचं मूल घरी पोचेपर्यंत अकरा वाजतात आणि दुसऱ्या दिवशी शाळा असते. आई एकदा नाही म्हणते, दुसऱ्यांदाही नाही म्हणते. तिसऱ्यांदा मूल विचारतच नाही.

लोक टीव्हीवर सामना फुकट दिसतो म्हणून मैदानावर येत नाहीत, असं म्हणतात. मला ते पटत नाही. २०२४ पासून सुपर लीगचा प्रत्येक सामना घरबसल्या बघता येतो, आणि तरी भरणारी मैदानं भरतातच. टीव्हीने प्रेक्षक नेला नाही, त्याचा वार नेला. ऑस्ट्रेलियात हे आणखी स्पष्ट दिसलं. तिथे २००७ ते २०१६ अशी दहा वर्षं सोमवारी रात्री सामना ठेवला जायचा. टीव्हीला तो हवा होता, पण मैदानावर त्याच रात्री सगळ्यात वाईट गर्दी असायची. शेवटी तो बंद केला.

उलट बाजूचा पुरावाही बघा. विगन आणि सेंट हेलन्स हा गुड फ्रायडेचा सामना. त्याची जाहिरात केली नाही तरी चालतं. आजोबा, वडील, मुलगी, सगळ्यांना माहीत असतं की त्या दिवशी दुसरं काही ठरवायचं नाही. सिडनीत २५ एप्रिलला, सैनिकांच्या स्मरणाच्या अ‍ॅनझॅक दिनी, ड्रॅगन्स आणि रूस्टर्स खेळतात. संघ त्या वर्षी गुणतक्त्यात तळाला असला तरी स्टेडियम भरतं. हे सामने खेळाच्या दर्जाने वेगळे नसतात, दिवसाने वेगळे असतात. कॅलेंडरमधली ती जागा पिढ्यान्‌पिढ्या त्यांची आहे.

आणि आता चॅलेंज कपचं उदाहरण. हे मला मनापासून दुखतं. १९८५ मध्ये विगन विरुद्ध हल एफसी (हल केआरच्याच शहरातला दुसरा क्लब) हा अंतिम सामना लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ९९,८०१ लोकांनी पाहिला. २०१८ मध्ये त्याच सामन्याला ५०,६७२ आले. त्या वर्षी कॅटलन्स ड्रॅगन्स हा फ्रेंच संघ जिंकला आणि त्यांचे पाठीराखे अर्थातच कमी होते, हे मान्य. पण घसरण त्याच्या आधीपासून चालू होती. पूर्वी वेम्बली म्हणजे वसंत ऋतूचा शेवट, एप्रिल-मे. गावागावांतल्या पबांत आणि कामगारांच्या क्लबांत वर्षभर वेम्बलीची भिशी चालायची. दर आठवड्याला थोडे पैसे जमा करायचे आणि मे महिन्यात बस करून लंडनला जायचं. आपला संघ अंतिम सामन्यात असो वा नसो, बस निघायचीच. २००५ पासून सामना ऑगस्टमध्ये गेला, म्हणजे ऐन शाळेच्या सुट्टीत, जेव्हा लोक स्पेनला गेलेले असतात. मग साथीच्या वर्षी, २०२० मध्ये, ऑक्टोबर. २०२१ मध्ये जुलै. २०२२ मध्ये मे, पण वेम्बलीऐवजी टॉटनहॅमचं स्टेडियम. २०२३ मध्ये परत ऑगस्ट. २०२४ आणि २०२५ मध्ये जून. एका वर्षाचा अपवाद साथीचा होता, बाकी सगळे निर्णय माणसांनी विचार करून घेतलेले आहेत. ज्या सामन्याची तारीखच ठरलेली नाही त्याची भिशी कोण लावणार? एकदा भिशी मोडली की ती चालवणारा माणूसही जातो. दरवर्षी पन्नास जणांची बस भरणारा तो एक जण आमच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठा होता, आणि क्लबच्या यादीत त्याचं नाव "एक तिकीट" असंच असायचं.

२०१५ ते २०१८ या चार हंगामांत सुपर लीगने शेवटचे सात सामने गुणतक्ता बघून ठरवण्याची पद्धत आणली. बारा-बारा संघांच्या दोन विभागांचे आठ-आठचे तीन गट, वरच्या विभागातले तळाचे चार आणि खालच्या विभागातले पहिले चार एका गटात मिसळायचे, वगैरे. कागदावर रोमांचक होतं. पण मला तिकीट खिडकीवर बसून सांगावं लागायचं की ऑगस्टमध्ये घरी कोणाशी सामना आहे, किती वाजता आहे, हे मला माहीत नाही. सीझन तिकीट विकत घेणाऱ्याला आपण नेमकं काय विकत घेतोय तेच ठाऊक नसायचं. ती पद्धत मोडीत निघाली तेव्हा मला हायसं वाटलं.

आता क्लब हातात दिला तर काय करीन, त्याकडे येते. पण त्याआधी थोडं गणित, कारण याच गणितात बहुतेक क्लब चुकतात.

समजा एका क्लबचे हंगामात घरच्या मैदानावर १३ सामने आहेत. ३,००० लोकांकडे सीझन तिकीट आहे आणि ते सरासरी दहा सामन्यांना येतात. म्हणजे ३०,००० हजेऱ्या. याशिवाय वर्षभरात ९,००० वेगवेगळी माणसं अधूनमधून येतात, सरासरी दोनदा. म्हणजे १८,००० हजेऱ्या. एकूण ४८,०००, म्हणजे दर सामन्याला साधारण ३,७००. आता ही ९,००० माणसं दोनऐवजी तीनदा आली तर? सरासरी जवळपास ४,४०० होते. तेवढीच वाढ एकदाच येणाऱ्या नव्या लोकांमधून मिळवायची, तर तुम्हाला आणखी ९,००० अनोळखी माणसं शोधावी लागतील. उत्तर इंग्लंडमधल्या एका मध्यम गावात ती मिळत नाहीत. तरी क्लबांचा जाहिरातीचा बहुतेक खर्च त्या अनोळखी माणसांवरच होतो, कारण नवीन माणूस आणला की बैठकीत सांगायला बरं वाटतं. जो दोनदा आला त्याला तिसऱ्यांदा बोलवायला कुणाचंही पद निर्माण केलेलं नसतं.

म्हणून माझं पहिलं काम यादीचं. गेल्या दोन हंगामांत ज्यांनी एकदा किंवा दोनदा तिकीट काढलं त्यांची नावं काढायची आणि त्यांना फोन करायचे. ईमेल नाही, फोन. मी हे केलं आहे. पहिल्या आठवड्यातच जे कळतं ते कुठल्याही सर्वेक्षणात कळत नाही. एकीने सांगितलं, गाडी लावायला जागा मिळाली नाही आणि पहिली वीस मिनिटं चुकली. एकाने सांगितलं, ज्या मित्राबरोबर यायचो तो दुसऱ्या गावी राहायला गेला, एकट्याने यावंसं वाटत नाही. हे दुसरं उत्तर तर इतक्या वेळा ऐकलं की पुढच्या हंगामात आम्ही एकट्या येणाऱ्यांसाठी एका कोपऱ्यात काही रांगा ठेवल्या आणि तिथे रोज तोच स्वयंसेवक उभा केला. त्या रांगांमधली माणसं आता एकमेकांच्या घरी जातात.

पहिल्यांदा आलेल्या कुटुंबाचं तर मी वेगळं वेळापत्रकच ठेवीन. सामन्यानंतर दोन दिवसांत फोन किंवा निरोप, आणि तीन आठवड्यांच्या आत होणाऱ्या पुढच्या सामन्याचं आमंत्रण, शक्यतो त्याच खुर्च्यांचं. तीन आठवडे उलटले की पहिल्या दिवसाची चव विसरायला होते. हे माझ्या अनुभवातलं माप आहे, आणि मी ते फारसं ताणू देत नाही.

फुकट तिकिटांबद्दल मला फार विचारतात. एका क्लबात, नाव घेत नाही, वरिष्ठांनी ठरवलं की एका सामन्यासाठी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना गठ्ठ्याने फुकट पासेस वाटायचे. मैदान भरलं, फोटो छान आले. पुढच्या सामन्याला त्यातलं जवळजवळ कुणी आलं नाही. आणि ज्यांनी पैसे देऊन सीझन तिकीट घेतलं होतं ते माझ्या खिडकीवर येऊन विचारत होते, "बाई, मग आम्ही मूर्ख ठरलो का?" त्यांच्याकडे बघून मला बोलायला शब्द नव्हते. फुकट वाटलेल्या पासांचं नाव-पत्ता काहीच नव्हतं, त्यामुळे कुणाला फोन करायचा तेही माहीत नव्हतं. मुलांना फुकट येऊ द्यावं, जरूर द्यावं, पण बरोबरच्या मोठ्या माणसाने तिकीट काढावं, आणि प्रत्येक मुलाचं नाव नोंदलेलं असावं.

हे चांगल्या तऱ्हेने कसं करतात ते ब्रॅडफर्डने दाखवलं आहे. ओड्सल हे तिथलं वाडग्यासारखं खोलगट मैदान. १९५४ च्या मे महिन्यात चॅलेंज कपच्या अंतिम सामन्याचा फेरसामना तिथे झाला तेव्हा अधिकृत नोंद १,०२,५६९ प्रेक्षकांची आहे, आणि तोही बुधवार होता. नव्वदच्या दशकापर्यंत त्याच मैदानावर काही हजार लोक दिसायचे. १९९६ मध्ये ब्रॅडफर्ड नॉर्दर्न हे नाव बदलून क्लब ब्रॅडफर्ड बुल्स झाला. पीटर डीकिन यांनी प्रेक्षकांचं काम हातात घेतलं. अमेरिकेतले क्लब कुटुंबांशी कसं वागतात ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. सामन्याआधी संगीत, बैलाच्या वेशातला बुलमन, याची तेव्हा जुन्या मंडळींनी टिंगल केली. पण त्या गाजावाजामागे मोठं काम चाललं होतं: खेळाडू आठवडाभर शाळाशाळांमधून फिरत होते. मुलाने ज्या माणसाशी हात मिळवलाय तो रविवारी मैदानात दिसणार, म्हणून मूल आईबापांना ओढत आणायचं. १९९६ मध्ये सरासरी दहा हजारांच्या वर गेली आणि १९९७ मध्ये पंधरा हजारांच्या. त्या वर्षी संघ विजेताही झाला, पण लोक त्याआधीच आले होते.

पुढे ब्रॅडफर्डचं काय झालं तेही सांगायला हवं. २०१२ आणि २०१४ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, २०१७ च्या जानेवारीत जुनी कंपनी बंदच झाली. नव्या कंपनीने पुन्हा खालून सुरुवात केली आणि २०२६ च्या हंगामात ते परत सुपर लीगमध्ये आले. मैदान भरलं म्हणून हिशेब सांभाळला जातोच असं नाही. पण पाया घालणारी माणसं पांगली, शाळांचं काम आटलं, आणि गर्दी त्याच क्रमाने ओसरली, हे मी पलीकडच्या गावातून बघत होते.

ब्रॅडफर्डवरून एक गोष्ट जी माझ्या जिव्हाळ्याची आहे. ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, ड्यूजबरी, ओल्डहॅम या गावांत आपल्या उपखंडातून आलेली माणसं तीन पिढ्यांपासून राहतात. ज्या गिरण्यांनी हा खेळ जन्माला घातला त्याच गिरण्यांच्या रात्रपाळीत त्यांच्या आजोबांनी काम केलं. इकराम बट १९९५ मध्ये इंग्लंडकडून रग्बी लीग खेळले, दक्षिण आशियाई वंशाचे पहिले. आणि तरी सामन्याच्या दिवशी स्टँडमध्ये बघा, आपल्यासारखे चेहरे मोजता येतील इतके. मी एकदा मैदानासमोरच्या किराणा दुकानातल्या मावशींना विचारलं, तीस वर्षं झाली दुकानाला, कधी आत आलात का? त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं आत जायला मेंबर असावं लागतं." तीस वर्षांत रस्ता ओलांडून त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. मी त्यांना पुढच्या रविवारी नेलं. त्यांनी पहिला प्रश्न खेळाचा नाही, खाण्याचा विचारला. मीट पाय आणि शिजवलेले वाटाणे यापलीकडे काही नव्हतं, आणि त्या शाकाहारी. तेव्हापासून मी ज्या क्लबात गेले तिथे हलाल आणि शाकाहारी पदार्थांचा एक स्टॉल हट्टाने लावून घेतला. तो चालतो, आणि त्याच्यापुढे रांगेत गोरी माणसंच जास्त असतात.

लहानसहान वाटणाऱ्या गोष्टींची यादी फार मोठी होईल, पण स्वच्छतागृहांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. जुनी मैदानं पुरुषांसाठी बांधलेली आहेत. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. त्यात बाईला मुलीला घेऊन रांगेत उभं राहायचं आणि चहा घेऊन परत यायचं हे जमतच नाही. खेळ परत सुरू झाल्याचा आवाज ती रांगेतून ऐकते. घरात पुढच्या सामन्याला जायचं की नाही हे बहुतेक वेळा तीच ठरवते. एखादा नवा खेळाडू आणायच्या पैशांत मैदानाच्या दोन्ही बाजूंना नीट स्वच्छतागृहं होतात. मी हे बैठकीत बोलले की लोक कागद चाळायला लागतात.

रिकाम्या खुर्च्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. हडर्सफील्डचं स्टेडियम सुमारे २४,००० लोकांचं आहे, ते फुटबॉल क्लबबरोबर वाटून घेतलेलं. तिथे पाच हजार लोक बसले की उदास वाटतं. लीचं स्टेडियम साधारण १२,००० चं. तिथे आठ हजार आले की कानठळ्या बसतात. म्हणून मोठं मैदान असलेल्या क्लबाने वरचे आणि कोपऱ्यातले स्टँड सरळ बंद करावेत आणि सगळ्यांना एकमेकांच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर बसवावं. जुने सभासद आपली जागा सोडायला कुरकुर करतात. त्यांच्याशी एकेकट्याने बोलावं लागतं, नोटीस लावून होत नाही. सिडनीतल्या पॅरामाटाचं २०१९ मध्ये उघडलेलं ३०,००० क्षमतेचं स्टेडियम बघा. प्रेक्षक मैदानाच्या इतके जवळ आणि इतक्या उभ्या उतारावर बसतात की खेळाडूचा श्वास ऐकू येतो. ८०,००० च्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये दहा-बारा हजार लोक बसवून तिथल्या क्लबांनी वर्षानुवर्षं स्वतःचंच नुकसान केलं होतं.

ली हे नाव आलंच आहे, तर सांगते. चाळीस-पन्नास हजार वस्तीचं गाव, एका बाजूला विगन, दुसऱ्या बाजूला मँचेस्टर. २०२३ च्या हंगामासाठी त्यांनी सेंच्युरियन्स हे नाव टाकून लेपर्ड्स घेतलं आणि अंगाला बिबट्याचे ठिपके चढवले. मलाही सुरुवातीला ते भडक वाटलं, आणि मी चुकले. त्या ठिपक्यांमुळे गावातल्या आजीबाईंपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्यांना एकाच दृष्टिक्षेपात कळेल असं काहीतरी अंगावर घालायला मिळालं. त्याच वर्षी वेम्बलीवर हल केआरला १७-१६ असं हरवून त्यांनी कप जिंकला. आणि हरलेल्या हल केआरने धीर सोडला नाही. १९८५ नंतर थेट २०२५ मध्ये त्यांनी मोठा किताब जिंकला, आणि तोही एकाच हंगामात तिन्ही: चॅलेंज कप, गुणतक्त्यातलं पहिलं स्थान आणि सुपर लीगचं विजेतेपद. पण त्यांचं क्रेव्हन पार्क त्याआधीच भरायला लागलं होतं. "आधी जिंका, मग लोक येतील" असं म्हणणाऱ्या मालकांना मी हे उदाहरण देते.

जत्रेच्या विरोधात मी नाही. २००७ पासून सगळे संघ एकाच शहरात एका शनिवार-रविवारी खेळतात, तो मॅजिक वीकेंड मला आवडतो. २०१९ मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर कॅटलन्स विरुद्ध विगन सामन्याला ३१,५५५ लोक आले, ते बघून अंगावर काटा आला. फक्त जत्रेहून परतलेल्या माणसाला मंगळवारच्या बाजाराचा रस्ता दाखवणारं कुणी असावं. १९९६ मध्ये सुपर लीगचा पहिलाच सामना पॅरिसमध्ये झाला, १७,८७३ लोक होते. दोन हंगामांत तो पॅरिसचा संघ संपला. जत्रा झाली, बाजार बसलाच नाही.

लीगच्या पातळीवर एक आशेची गोष्ट आहे. आता क्लबांना वरच्या विभागात जागा देताना गुण मोजले जातात आणि त्यात प्रेक्षकवर्गाला खेळातल्या कामगिरीइतकंच, पाव भाग वजन आहे. माझी एकच मागणी आहे: जाहीर केलेला आकडा न मोजता गेटमधून प्रत्यक्ष आत आलेली माणसं मोजा. घरी बसलेल्या सीझन तिकीटधारकालाही आकड्यात धरलं की क्लबला तो घरी बसलाय हेच दिसत नाही. सलग तीन सामने न आलेला सीझन तिकीटधारक पुढच्या वर्षी तिकीट घेत नाही, हे मी डोळे मिटून सांगू शकते. तिसऱ्या सामन्यानंतर फोन गेला तर अर्ध्या वेळा काहीतरी साधं कारण निघतं: गुडघा दुखतो, पायऱ्या चढवत नाहीत. खालच्या रांगेत जागा द्यायची, एवढंच.

आणि टीव्हीशी करार करताना एक अट मी कितीही पैशांसाठी सोडणार नाही. प्रत्येक क्लबाला एक घरचा वार मिळावा आणि १३ पैकी किमान नऊ सामने त्याच वारी, त्याच वेळी व्हावेत. बाकीचे चार टीव्हीने हवे तिथे न्यावेत. सगळं वेळापत्रक हंगामाआधी छापून फ्रिजवर लावता यावं. लीड्सने शुक्रवार घ्यावा, कुणी रविवार घ्यावा, ज्याच्या गावाला जो मानवेल तो. हा बदल एका वर्षात दिसणार नाही. पहिल्या हंगामात आकडा जवळपास तसाच राहतो, दुसऱ्यात दोनदा येणारे तीनदा येऊ लागतात, तिसऱ्यात सीझन तिकिटं वाढतात. मालकांना तीन वर्षं थांबवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात कठीण काम आहे.

तुमच्या मुलाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. त्याला खेळ आवडला असेल तर पुढचा घरचा सामना चुकवू नका, आणि शक्य असेल तर त्याच स्टँडमध्ये, त्याच रांगेच्या आसपास बसा. आमच्याकडे घरच्या आणि पाहुण्या संघाचे लोक बहुतेक ठिकाणी मिसळून बसतात, भांडणं होत नाहीत, तेव्हा जागेची काळजी करू नका. मागच्या वेळी तुमच्या पुढे जे कुणी म्हातारे गृहस्थ बसले असतील ते तिथेच असतील. त्यांना मुलाचं नाव सांगा. त्याच्या पुढच्या वेळी ते स्वतःच त्याला विचारतील, "काय रे, मागच्या रविवारी कुठे होतास?"